मालकाच्या मुलानंही हात झटकूनच बाहेर पडायचं



मी कोलकात्यातला. आजोबा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून गलाईच्या धंद्यासाठी इथे आले. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी देशभर पसरली, तशीच बडाबाजारातही आली. मी मात्र भट्टी सोडून सर्व्हर सांभाळायला लागलो. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये माझं काम असतं.

आजचा विषय आहे व्हीपीएनच्या प्रोसेसला वेसण कशी घालायची. नाव ऐकून घाबरू नका. सुरुवात आजोबांच्या दुकानापासूनच करतो.

गलाईच्या दुकानात जमिनीवरचा केरसुद्धा फेकत नाहीत, कारण त्यात सोन्याचा कण असतो. हात धुतलेलं पाणी साठवतात. आमच्या दुकानात एक नियम होता. बाहेर पडताना प्रत्येकानं कपडे आणि हात झटकायचे. कारागिरानं झटकायचे, माझ्या वडिलांनी झटकायचे आणि स्वतः आजोबांनीही. लहानपणी मी विचारलं होतं, "आण्णा, दुकान तुमचंच ना? मग तुम्ही का झटकता?" ते म्हणाले, "नियम माणसाला नसतो रे, दाराला असतो."

लिनक्समधला नेहमीचा परवाना-पद्धतीचा कारभार माणसाकडे बघतो. फाइल कुणाची, गट कुठला, वाचायची मुभा कुणाला, हे फाइलचा मालक ठरवतो. आणि रूट म्हणजे सगळ्यांचा मालक. त्याला कुणी विचारत नाही. सक्तीचं प्रवेश-नियंत्रण हे दाराच्या नियमासारखं असतं. प्रोसेस रूटची असली तरी तिला विचारलं जातं, तू कोण? व्हीपीएन? मग तुला व्हीपीएनच्या फाइली मिळतील, पगाराच्या नाहीत.

लिनक्समध्ये याचे दोन प्रसिद्ध प्रकार आहेत. एसई-लिनक्स अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं डिसेंबर 2000 मध्ये खुलं केलं आणि 2003 मध्ये ते मुख्य कर्नलमध्ये आलं. रेड हॅट आणि फेडोरा घराण्यात हे सापडतं. दुसरा ॲपआर्मर, तो 2010 मध्ये कर्नलच्या 2.6.36 आवृत्तीत आला. उबंटूवाल्यांना तो ओळखीचा आहे.

आता माझी चूक सांगतो. या भाषणाचं कारणच ते आहे.

मार्च 2020. टाळेबंदी लागली. त्या वेळी मी एका छोट्या कंपनीत होतो, चाळीस माणसांची. दोन दिवसांत सगळ्यांना घरून काम करता आलं पाहिजे, असा निरोप आला. मी एका सर्व्हरवर ओपनव्हीपीएन बसवलं. त्याच सर्व्हरवर हिशेब विभागाचं सामायिक फोल्डरही होतं. हीच पहिली चूक, पण छोट्या ऑफिसात दुसरं मशीन कुठून आणणार?

प्रमाणपत्रं आणि किल्ल्या मी रूटच्या घरातल्या फोल्डरमध्ये तयार केल्या आणि 'एमव्ही' करून /इटीसी/ओपनव्हीपीएन मध्ये हलवल्या. सेवा सुरू केली, तर सुरूच होईना. किल्ली वाचता येत नाही म्हणे. परवानगी तपासली, मालक तपासला, सगळं बरोबर. रात्रीचे अकरा वाजले होते. इंटरनेटवर जो सल्ला शंभर ठिकाणी सापडतो तोच मी पाळला: 'सेटएन्फोर्स शून्य'. एका ओळीत सगळ्या मशीनवरची सक्ती गेली आणि व्हीपीएन लगेच चालू झालं. मनात म्हटलं, उद्या बघू.

तो उद्या उजाडला नाही.

त्यात भर म्हणून प्रत्येकाला प्रमाणपत्र वाटायला वेळ नव्हता, म्हणून नाव आणि पासवर्डवरच प्रवेश ठेवला. पासवर्ड तपासायला मी एक शेल स्क्रिप्ट लिहिली. तिला सिस्टिमचे पासवर्ड तपासायचे होते, म्हणून ओपनव्हीपीएन रूट म्हणूनच चालू ठेवलं. नावात भलतीसलती चिन्हं आली तर ओपनव्हीपीएन ती बदलून टाकतं, पण पासवर्डमध्ये चिन्हं चालतात, चालायलाच हवीत. माझ्या स्क्रिप्टनं तो पासवर्ड अवतरणचिन्हांशिवाय थेट दुसऱ्या आज्ञेत चिकटवला होता. ज्यांना कळलं त्यांनी आत्ताच कपाळावर हात मारला असेल.

20 मे 2020 ला अम्फान आलं. कोलकात्यात ज्यांनी ती रात्र काढली त्यांना सांगायला नको. झाडं रस्त्यांवर आडवी, वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही. तिसऱ्या दिवशी पास घेऊन मी मोटारसायकलवरून ऑफिस गाठलं. यूपीएस कधीच मान टाकून बसलं होतं. वीज आल्यावर सर्व्हर सुरू केला. सगळं उठलं, फक्त व्हीपीएन उठेना.

'सेटएन्फोर्स शून्य' ही आज्ञा मशीन पुन्हा सुरू होईपर्यंतच टिकते. वादळानं सर्व्हर बंद पाडला आणि सक्ती आपोआप परत आली. मी ज्याला 'उद्या बघू' म्हटलं होतं, ते वादळानं मला दाखवलं.

या वेळी मात्र घाई नव्हती. सगळं शहर अंधारात असताना कोण व्हीपीएन मागणार? मी ऑडिट लॉग उघडला. 'एयूसर्च' लावून नकाराच्या नोंदी वाचल्या. कारण दोन मिनिटांत कळलं. एसई-लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक लेबल असतं. 'सीपी' केलं तर नवी फाइल नव्या जागेचं लेबल घेते. 'एमव्ही' केलं तर जुनं लेबल सोबत जातं. माझी किल्ली /इटीसी/ओपनव्हीपीएन मध्ये होती, पण तिच्या कपाळावर 'ॲडमिन_होम_टी' असं लिहिलेलं होतं, म्हणजे रूटचं घर. ओपनव्हीपीएनची प्रोसेस 'ओपनव्हीपीएन_टी' या कप्प्यात चालते आणि त्या कप्प्याला रूटच्या घरातली वस्तू हाताळता येत नाही. त्यावर उपाय एका ओळीचा: त्या फोल्डरवर 'रिस्टोअरकॉन' चालवणं. धोरणात त्या जागेचं योग्य लेबल आधीच लिहिलेलं असतं, ते फक्त परत चिकटवायचं. एका ओळीचं काम टाळायला मी एका ओळीत सगळं कुलूप काढलं होतं.

मग मी लॉग मागे सरकवत गेलो. सक्ती बंद असतानाही एसई-लिनक्स बघत असतं. अडवत नाही, फक्त लिहून ठेवतं की हे मी अडवलं असतं. अशा नोंदीच्या शेवटी 'पर्मिसिव्ह बरोबर एक' असं असतं. एप्रिलमधल्या एका पहाटेची तशी एक नोंद होती. 'ओपनव्हीपीएन_टी' कप्प्यातल्या 'टार' नावाच्या आज्ञेनं 'सांबा_शेअर_टी' लेबलची फाइल वाचली होती. फाइल मार्चच्या पगाराची होती.

व्हीपीएनच्या प्रोसेसनं पगाराची फाइल का वाचावी? याचं चांगलं उत्तर असूच शकत नाही. कुणीतरी पासवर्डच्या रकान्यातून आज्ञा घुसवली होती. स्क्रिप्टनं जी आज्ञा चालवली ती त्याच कप्प्यात राहिली. सक्ती चालू असती तर रूट असूनही तिला ते फोल्डर उघडता आलं नसतं.

यातली सगळ्यात बोचणारी गोष्ट नीट ऐका. सक्ती बंद असताना एकाच प्रकारचा नकार बहुतेक वेळा पहिल्यांदाच नोंदवला जातो. तेच लेबल, तोच कप्पा, तीच कृती असेल तर पुढच्या फाइली शांतपणे निघून जातात. मला एक फाइल दिसली. पुढे किती गेल्या, हे मला आजही माहीत नाही.

मी मालकांना फोन केला. मग सगळ्यांना कळवलं की तुमचे पॅन आणि बँक खात्यांचे तपशील बाहेर गेले असतील, असं समजून वागा. हिशेब बघणाऱ्या बंगाली ताई एवढंच म्हणाल्या, "दादा, आम्हाला वाटलं तुम्ही कुलूप लावलंय." त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता तुमच्यासाठी, जे मी त्यानंतर कायम पाळतो ते.

एक. काही अडलं तर सगळं मशीन मोकळं करू नका. 'सेमॅनेज पर्मिसिव्ह' वापरून फक्त 'ओपनव्हीपीएन_टी' हा एक कप्पा तात्पुरता मोकळा करता येतो. बाकी दारं बंदच राहतात. आणि तो मोकळा केलात तर कॅलेंडरमध्ये लिहा, कारण हा बदल मशीन पुन्हा सुरू झालं तरी जात नाही. तुम्हाला आठवण करून द्यायला वादळ येणार नाही.

दोन. आधी साधी परवानगी तपासा, मग लेबल, मग बाकीचं. नेहमीच्या परवानगीनंच अडवलं तर प्रश्न एसई-लिनक्सपर्यंत पोचतच नाही आणि लॉगमध्ये त्याची नोंदही नसते. लेबल बघायला 'एलएस' ला मोठा झेड जोडा.

तीन. पोर्टलाही लेबल असतं. ओपनव्हीपीएनचं ठरलेलं पोर्ट 1194. तुम्ही 1195 घेतलंत तर ते 'सेमॅनेज पोर्ट' वापरून 'ओपनव्हीपीएन_पोर्ट_टी' मध्ये नोंदवा.

चार. 'ऑडिट-टू-अलाउ' हे हत्यार लॉगमधल्या नकारांवरून परवानगीचा नियम बनवून देतं. ते आंधळेपणानं चालवू नका. विचार करा, मी ते त्या दिवशी पूर्ण लॉगवर चालवलं असतं तर? व्हीपीएनला पगाराची फाइल वाचायची अधिकृत परवानगी मीच लिहून दिली असती. बनलेला प्रत्येक नियम वाचा आणि विचारा, या सेवेला हे खरंच लागतं का?

पाच. स्क्रिप्टना पूर्ण मोकळीक देणारा खटकाही धोरणात आहे, 'ओपनव्हीपीएन_रन_अनकन्फाइन्ड'. तो चालू करण्याआधी स्क्रिप्ट दुसऱ्या माणसाला वाचायला द्या.

उबंटूवाल्यांनो, तुमच्याकडे लेबल नाही, पत्ता आहे. ॲपआर्मर फाइलच्या मार्गावरून ठरवतो. स्ट्राँगस्वान बसवलंत तर त्याच्या 'कॅरॉन' प्रोसेसची प्रोफाइल सोबत येते. प्रमाणपत्रं नेहमीच्या जागेऐवजी दुसरीकडे ठेवलीत की ती वाचता येत नाहीत. अशा वेळी प्रोफाइल बंद करू नका. /इटीसी/ॲपआर्मर.डी/लोकल मध्ये त्या एका मार्गापुरती ओळ लिहा. शंका असेल तर 'एए-कम्प्लेन' मध्ये थोडा वेळ बघा आणि 'एए-एन्फोर्स' करून परत या. परत येणं महत्त्वाचं.

कुणी म्हणेल, आम्ही वायरगार्ड वापरतो. मार्च 2020 मध्येच लिनक्स 5.6 बरोबर ते कर्नलमध्ये आलं. तिथे बोगदा स्वतः कर्नल चालवतं, त्यामुळे कप्प्यात बसवायला मोठी प्रोसेस उरत नाही. पण बोगदा उभा करणारी स्क्रिप्ट, किल्लीची फाइल आणि तुमचं व्यवस्थापनाचं वेबपान उरतंच. प्रश्न तोच, फक्त जागा बदलते.

शेवटचं, लॉगबद्दल. आमच्या सर्व्हरवर ऑडिट लॉगच्या 8 एमबीच्या पाचच फाइली राहत होत्या. आणखी थोडा उशीर झाला असता तर ती नोंदही पुसली गेली असती. सर्ट-इनच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार आता कंपन्यांनी लॉग 180 दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची असते. ग्राहकांची माहिती 5 वर्षं ठेवायचा नियम मात्र व्हीपीएन विकणाऱ्यांसाठी आहे, कंपनीच्या अंतर्गत व्हीपीएनसाठी नाही. लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा, म्हणजे आत शिरलेल्याला ते पुसता येणार नाहीत.

आज हे ऐकून झालं की एकच काम करा. तुमच्या सर्व्हरवर 'गेटएन्फोर्स' टाइप करा. उत्तर 'पर्मिसिव्ह' आलं तर कुणीतरी कधीतरी 'उद्या बघू' म्हटलेलं आहे. कदाचित तुम्हीच. त्याला शोधून रागावू नका, सोबत बसून लेबलं दुरुस्त करा आणि सक्ती परत लावा.

आजोबांचं दुकान आता नाही. पण मी अजूनही सर्व्हर रूममधून निघताना नकळत हात झटकतो.

प्रश्न असतील तर विचारा, मराठीत विचारलेत तर आणखी छान.