कर्जाचे कागद चावडीवर



वसंतातल्या व्याख्यानमालेत लोक नाटकाबद्दल ऐकतात, संतांबद्दल ऐकतात, कुणी प्रवासाची हकीकत सांगतो. आम्ही कर्जाच्या करारनाम्यांवर बोलणार असे कळवले, तेव्हा चालकांच्या मनात थोडी धाकधूक झाली असावी. परंतु हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो मिरकरवाड्याच्या धक्क्यावर आपणहून आमच्या हातात आला.

गेल्या मोसमाच्या अखेरीस आम्ही धक्क्यावर उभे होतो. ओळखीचा एक तरुण नाखवा आला आणि खिशातून घडी घातलेले कागद काढून म्हणाला, "काका, एवढं वाचून सांगा. सही तर करून बसलोय." कागद एका बँकेच्या क्रेडिट कार्डाचे होते. अक्षर बारीक, भाषा इंग्रजी, पाने वीसाच्या वर. आमची उभी हयात वाचण्यात गेली. तरी तो कागद समजून घ्यायला आम्हांला एक संध्याकाळ पुरली नाही. मग जो पहाटे समुद्रावर जातो त्याने तो कधी वाचावा? त्याची चूक एवढीच, की त्याच्याजवळ आधीपासून एक कार्ड होते, आणि दुसरेही तसेच असेल असे त्याने धरून चालले.

ते पहिले कार्ड म्हणजे किसान क्रेडिट कार्ड. ही योजना शेतकऱ्यांसाठी 1998 साली निघाली आणि 2018-19 च्या अर्थसंकल्पातील घोषणेनंतर मच्छीमारांनाही लागू झाली. डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी, बंदराचे शुल्क अशा चालू खर्चासाठी हे कर्ज आहे. योजना मत्स्यव्यवसायाला लागू झाली तेव्हा दोन लाखांपर्यंतच्या रकमेस व्याज शेकडा 7 आणि मुदतीत फेड करणाऱ्यास आणखी 3 टक्क्यांची सवलत, म्हणजे प्रत्यक्षात शेकडा 4, असा हिशेब होता. लाख रुपयांवर वर्षाचे व्याज चार हजार.

आता दुसरे कार्ड पाहा. अशा कार्डावर दरमहा साडेतीन टक्के व्याज ही काही नवलाची गोष्ट नाही. "साडेतीन" हा आकडा ऐकायला चारापेक्षाही लहान वाटतो. पण चार आहेत वर्षाचे आणि साडेतीन आहेत महिन्याचे. साधी बेरीज केली तर वर्षाचे 42 होतात, आणि व्याजावर व्याज चढत गेले तर 51 च्या वर जातात. म्हणजे लाखाला चार हजार कुठे आणि एक्कावन्न हजार कुठे! नाव दोघांचेही "क्रेडिट कार्ड"च.

"पण किमान रक्कम भरली की झाले ना?" असे त्याने विचारले. तोही हिशेब मांडू. लाख रुपये थकले आहेत आणि किमान भरणा पाच हजार आहे असे समजा. त्यांतले साडेतीन हजार व्याजात गेले. त्या व्याजावर 18 टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे 630 रुपये. मुद्दलात वळते झाले अवघे 870. शिवाय पूर्ण रक्कम न भरल्यास नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते. आणि आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, जाळी घरात, मिळकत शून्य. कार्डाचे बिल मात्र जूनमध्येही येते आणि जुलैमध्येही येते. समुद्राचे पंचांग त्या कराराला माहीत नाही.

तर प्रश्न असा आहे, की अटी कागदावर लिहिल्या म्हणजे सावकाराचे कर्तव्य संपले काय? आणि सही केली म्हणजे ऋणकोचा बोलण्याचा हक्क संपला काय? हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. त्याने एकदा या देशात आग लावली आहे.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यात सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने घेरली. थोड्याच दिवसांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पसरले. या दंग्यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जरोखे आणि कोर्टाचे हुकूमनामे मागून घेतले आणि जाळले. ते वाचता येत नव्हते, त्यांची नक्कल आपल्यापाशी नव्हती, आणि कोर्टात मात्र तोच कागद बोलत होता. ज्या कागदाशी बोलता येत नाही तो जाळावा, एवढाच उपाय त्यांना दिसला.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि 1879 साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. त्यातील एक योजना आज मुद्दाम आठवावी अशी आहे. शेतकऱ्याने करून द्यावयाचा रोखा गावनिबंधकासमोर व्हावा, त्याची नक्कल निबंधकाच्या नोंदवहीत राहावी, मूळ कागद सावकाराला जावा आणि दाखल्याची नक्कल शेतकऱ्याच्या हाती पडावी. भरलेल्या पैशाची पावती मिळावी, आणि शेतकऱ्याने मागितल्यास वर्षाकाठी खात्याचा उतारा द्यावा. म्हणजे जो कागद चार वर्षांपूर्वी लोकांनी जाळला, तोच कायद्याने चावडीवर आणून ठेवला. कर्ज ही दोघांची खाजगी बाब असली, तरी तिचा कागद तिसऱ्या, तटस्थ ठिकाणी असावा, हे तत्त्व त्या दिवशी या भूमीत रुजले.

पुढे 1946 चा मुंबई सावकारी कायदा आणि 2014 चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा यांनी परवाना, वह्या आणि ऋणकोला द्यावयाचा हिशेब यांची बंधने घातली. मात्र हे सावकारांपुरते. बँकांची कार्डे या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत.

आता आपण जरा दूर, अमेरिकेत जाऊ. त्या देशात कार्डाचा प्रसार आपल्या कितीतरी आधी झाला आणि त्याचे चटकेही आधी बसले. 22 मे 2009 रोजी तेथे क्रेडिट कार्डांविषयीचा एक कायदा झाला. त्यातील एक कलम असे, की कार्ड देणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपले करारनामे स्वतःच्या संकेतस्थळावर तर ठेवावेतच, पण सरकारी यंत्रणेकडेही पाठवावेत, आणि त्या यंत्रणेने ते एकत्र करून कोणालाही पाहता येतील असे ठेवावेत. हे काम प्रथम तेथील मध्यवर्ती बँकेकडे होते. 2011 साली ते ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी स्थापन झालेल्या नव्या कार्यालयाकडे गेले. करारनामे दर तिमाहीला पाठवायचे, बदल झाला तर बदललेला करार पाठवायचा; ज्यांची खाती दहा हजारांहून कमी त्यांना सूट. ग्राहकाचे नाव, त्याची बाकी, यांतले काहीही त्यात नाही. लोकांपुढे मांडलेल्या अटी तेवढ्या आहेत. 2015 साली ही पद्धत सुधारण्यासाठी वर्षभर पाठवणी थांबवली होती, ती पुढे पुन्हा सुरू झाली.

यावर आपल्यापैकी कोणी म्हणेल, हजारो पानांचे हे करारनामे वाचणार कोण? आमचे उत्तर असे, की सर्वांनी वाचावे अशी अपेक्षाच नाही. बाजारातले वजन-माप निरीक्षक एकटाच तपासतो, पण तागडी सर्वांची नीट राहते. एखादा वार्ताहर, एखादा वकील, एखादा अर्थशास्त्राचा विद्यार्थी दहा बँकांचे कागद शेजारी ठेवतो, आणि कोणती अट कोणी गुपचूप बदलली हे जगाला कळते. त्याच कायद्याने अमेरिकेतील महाविद्यालयांचे कार्ड-कंपन्यांशी असलेले करारही उघडे करायला लावले. विद्यार्थ्यांना कार्डे खपवण्याबद्दल संस्थांना काय मिळते हे लोकांना दिसू लागले, आणि त्यानंतर अशा करारांची यादी वर्षानुवर्षे आखूड होत गेली. विद्यार्थ्यांना कार्डे विकण्यावर त्याच कायद्याने घातलेल्या निर्बंधांचाही त्यात वाटा आहे. पण उजेडाचा काहीच वाटा नाही असे आम्ही म्हणणार नाही.

आपल्याकडे काय आहे? काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. रिझर्व्ह बँकेने 2022 साली कार्डांविषयी निदेश काढले. अर्जासोबत व्याज आणि शुल्के सांगणारे एका पानाचे मुख्य तथ्य विवरण द्यावे, महत्त्वाच्या अटी वेगळ्या काढून दाखवाव्यात, शुल्क वाढवायचे तर निदान एक महिना आधी कळवावे, आणि अटींची भाषा सोपी, शक्यतो इंग्रजी, हिंदी व स्थानिक अशी असावी, असे त्यात सांगितले. "शक्यतो" हा शब्द आपण लक्षात ठेवावा. त्या एका शब्दातून आमच्या नाखव्याची मराठी निसटली. 2024 साली इतर किरकोळ कर्जांसाठी जो नियम आला, त्यात विवरण ऋणकोला समजेल अशा भाषेत असलेच पाहिजे आणि विवरणात नसलेले शुल्क त्याच्या स्पष्ट संमतीवाचून घेऊ नये, असे ठरले. पण कार्डावरची येणी त्या नियमातून वगळली. आणि 1 जुलै 2025 पासून मोबाईलवरून कर्ज देणाऱ्या अ‍ॅपांची सूची रिझर्व्ह बँकेने सर्वांसाठी खुली केली. ती सूची कर्जसंस्थांनीच भरलेल्या माहितीची आहे, हे विसरू नये. तरीही कोणते अ‍ॅप कोणत्या संस्थेचे, हे पाहायला एक जागा झाली. अ‍ॅपांची सूची एका ठिकाणी होऊ शकते, तर कार्डांचे करारनामे एका ठिकाणी का होऊ नयेत, एवढेच आमचे विचारणे आहे.

मात्र कागद गोळा झाले की सारे आलबेल होईल, असा भाबडा समज आम्ही करून देणार नाही. 1879 च्या कायद्यानंतर काही सावकारांनी गहाणाऐवजी विक्रीखत लिहून घेण्याची वाट काढली. पैसे फेडलेस की जमीन परत, हे वचन तोंडी. लिहिलेले सरकारने पाहिले आणि न लिहिलेले सुटले. आपल्या मासळीच्या धंद्यातही उचल देणारा व्यापारी पुष्कळदा कागद करतच नाही; मासळी मलाच घाल आणि भाव मी सांगेन, एवढीच अट, तीही तोंडी. तिची नक्कल कोणत्या कचेरीत ठेवणार? म्हणून कागदाचा संग्रह हा उंबरठा आहे, घर नव्हे. पण उंबरठा ओलांडल्यावाचून घरात जाता येत नाही, हेही तितकेच खरे.

तर दिल्ली-मुंबईने काही करीपर्यंत आपण काय करावे? या गावात 1828 पासूनचे नगर वाचनालय आहे. तेथे एक फाईल ठेवता येईल. रत्नागिरीत शाखा असलेल्या बँकांच्या कार्डांच्या छापील अटी, पतपेढ्यांचे दर, किसान कार्डाचे नियम त्यात लावावेत. दर तीन महिन्यांनी एखाद्या निवृत्त शिक्षकाने वा बँक-कर्मचाऱ्याने बदल तपासावेत. आणि त्यातल्या चारच गोष्टी, वर्षाचे व्याज किती, थकले तर काय, किमान भरल्यास मुद्दल किती फिटते, तक्रार कुणाकडे, एका मराठी पाटीवर लिहून मिरकरवाड्याच्या धक्क्यावर लावाव्यात. मासळी विकायला बसणाऱ्या मावशींनाही ती वाचता यावी, इतके अक्षर मोठे हवे.

आमच्या नाखव्याने पुढे काय केले, असे आपण विचाराल. त्याने कार्डाची बाकी फेडण्यासाठी बायकोचे एक कडे मोडले. "काका, आधी दाखवायला हवं होतं," असे तो म्हणाला. आम्ही त्याला म्हणालो, "बाबा, तू दाखवायला हवे होतेस हे खरे, पण त्याआधी त्यांनी तुला दाखवायला हवे होते." दीडशे वर्षांपूर्वी सुप्याच्या माणसाने न कळलेला कागद जाळला. आजचा माणूस जाळत नाही. मुकाट्याने कडे मोडतो. त्याच्यासाठी तो कागद उघड्यावर, उजेडात आणि त्याच्या भाषेत आणणे, एवढे तरी आपल्या हातून व्हावे.