रेषेची साधना

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात चित्रप्रदर्शनाच्या प्रसंगी झालेले भाषण)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव आटोपला आहे आणि स्नेहभोजनाची पाने मांडली जात आहेत. या दोन मंगल कार्यांच्या मध्ये आमच्या भाषणास जागा देण्यात चिटणीसांनी मोठेच धाडस केले आहे. ज्याच्या हाती आयुष्यभर लेखणीऐवजी कुंचला राहिला, त्याच्या वाणीकडून वक्तृत्वाची अपेक्षा कोणी करू नये. सभागृहाच्या भिंतींवर आमची अलीकडील चाळीस चित्रे टांगली आहेत. ती कशी काढली, का काढली, आणि त्यांतून आपल्या मंडळींस काही सांगण्यासारखे आहे काय, एवढेच निवेदन करून आम्ही आपली रजा घेऊ.

प्रवेशद्वाराच्या उजव्या हाताची बारा चित्रे वाई व मेणवली येथील आहेत. मेणवली हे वाईपासून जवळच कृष्णाकाठी वसलेले गाव. नाना फडणविसांचा वाडा व त्याच्या पाठीमागे नदीत उतरणारा काळ्या दगडाचा घाट यांमुळे ते प्रसिद्ध आहे. घाटावर एका लहानशा देवळीत मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ सालच्या वसईच्या विजयानंतर आलेल्या घंटांपैकी ती एक, असे सांगितले जाते. आम्ही तेथे हिवाळ्यात चार दिवस मुक्काम केला आणि रोज सकाळी एकाच पायरीवर बसून एकच दृश्य काढले.

एकच दृश्य चार वेळा का, असे काही मंडळींनी आम्हांस विचारले. त्याचे उत्तर दगडात आहे. आपण ज्यास काळा दगड म्हणतो तो चित्रकारास क्वचितच काळा दिसतो. सकाळच्या कोवळ्या उन्हात तो किंचित जांभळट असतो, दुपारी राखी होतो, आणि पाण्यालगतची ओली पायरी तेवढी खरोखर काळी दिसते. आमच्या रंगपेटीत काळा रंग नाहीच. निळा अल्ट्रामरीन आणि भाजलेल्या मातीचा तपकिरी रंग, ज्यास बर्न्ट सिएना म्हणतात, हे दोन एकत्र केले म्हणजे करडा रंग तयार होतो. निळा अधिक पडला तर सावली थंड होते, तपकिरी अधिक पडला तर उबदार होते. घाटाच्या सर्व पायऱ्या या दोन रंगांत काढलेल्या आहेत.

पायऱ्यांविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. घाटाच्या तळाशी बसून वर पाहिले तर डोळ्यांच्या पातळीवरच्या पायऱ्यांचा उभा भाग तेवढा दिसतो, पाऊल ठेवण्याची सपाट जागा दिसतच नाही. वरच्या टोकास उभे राहून खाली पाहिले तर याच्या उलट होते. तथापि मन म्हणते की पायरी म्हटली म्हणजे दोन्ही भाग असलेच पाहिजेत, आणि नवशिका हात ते दोन्ही काढून मोकळा होतो. ठाऊक आहे ते काढू नये, दिसते ते काढावे, हा चित्रकलेचा पहिला धडा आहे. आमच्या समजुतीने तो केवळ चित्रकलेचाच आहे असे नव्हे.

मधल्या भिंतीवरील अठरा रेखाटने आपणांपैकी पुष्कळांच्या ओळखीची असतील, कारण त्यांतील वस्तू आपल्याच ज्ञातीतील घराघरांतून आम्ही पाहावयास मागितल्या होत्या. तांब्याचा बंब, घंगाळ, फिरकीचा तांब्या, पानाचा डबा, अडकित्ता, समई, रवी, खलबत्ता, पाटा-वरवंटा आणि जाते. यांतील काही वस्तू अद्याप वापरात आहेत, काही माळ्यावर आहेत, आणि दोन वस्तू तर आमचे चित्र पुरे झाल्यानंतर थोड्याच दिवसांत मोडीत गेल्या. आता त्यांचे कागदावरील रूप तेवढे शिल्लक आहे.

साधा तांब्या काढणे हे दिसते तितके सोपे नाही. त्याचा काठ वर्तुळाकार असतो, परंतु आपल्या डोळ्यांस ते वर्तुळ चपटे दिसते. डोळ्यांच्या पातळीत धरला तर काठ ही केवळ एक आडवी रेषा असते. खाली ठेवला की ती रेषा उघडत जाते. म्हणून जमिनीवरच्या तांब्याचे बूड त्याच्या काठापेक्षा अधिक गोल काढावे लागते. ही गोष्ट साधली नाही तर तांब्या कलंडल्यासारखा भासतो. पितळेवरील चकाकी तर रंगाने काढताच येत नाही. जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागदच. जेथे चकाकी हवी तेथे कागद प्रारंभापासून राखून ठेवावा लागतो. एकदा तेथे रंग लागला की मूळची शुभ्रता पुन्हा मिळत नाही. म्हणून जलरंगाचे काम हे काय रंगवावे यापेक्षा काय सोडून द्यावे याच्या विचारानेच सुरू होते.

जात्याच्या चित्रासाठी आम्ही एका वयोवृद्ध भगिनींस विनंती केली. त्यांचे वय नव्वदीच्या घरात आहे. त्या म्हणाल्या, “अहो, नुसत्या जात्याचे चित्र काढून काय करता? दळणारीण नसेल तर तो दगडच.” मग त्यांनी स्वतः बसून खुंटा धरला आणि डाव्या हाताने वैरण कशी घालायची ते दाखविले. मूठ किती भरायची, ती केव्हा सोडायची, पाय कोठे पसरायचा, हे सारे त्यांच्या शरीरास अजून ठाऊक होते. आम्ही जात्याचे एक आणि त्यांच्या हातांची सात रेखाटने केली. भिंतीवर हातांचीच लावली आहेत. ती पाहून त्यांच्या नातीने आम्हांस सांगितले की, आजीला दळताना तिने प्रथमच पाहिले. चित्राचे मोल आम्ही यापेक्षा निराळ्या शब्दांत सांगू शकणार नाही.

डाव्या भिंतीवरील दहा चित्रे आमच्या धंद्याची, म्हणजे पुस्तकांसाठी केलेली आहेत. पेशवेकालीन एका बालकथेची ती चित्रे. असे काम हाती आले म्हणजे आम्ही कथा तीनदा वाचतो. पहिल्यांदा वाचक म्हणून, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आणि तिसऱ्यांदा संशयी मनुष्य म्हणून. या तिसऱ्या वाचनात वस्तूंची यादी होते. पेशवाई १८१८ साली संपली, रॉकेलचे दिवे त्यानंतर कित्येक वर्षांनी आले. तेव्हा या कथेतील वाड्यात कंदील टांगता येत नाही, समई किंवा मशालच हवी. लेखकाने हे लिहिलेले नसते. परंतु चित्रात दिवा काढावाच लागतो आणि तो कोणता हे चित्रकारास ठरवावे लागते.

त्यानंतर क्षणाची निवड. कथेत मुलगा नदीत उडी घेतो. उडीचे चित्र काढावे असे कोणासही वाटेल. आम्ही मात्र उडीच्या आधीचा क्षण घेतला आहे. मुलगा काठावर वाकून उभा आहे आणि त्याच्या पायाची बोटे दगडाला घट्ट धरून आहेत. उडी लेखकाने सांगितलेलीच आहे, ती पुन्हा दाखवून वाचकाचे काय भले होणार? त्या आधीची घालमेल मात्र चित्रात ठेवता येते. आगपेटीएवढ्या दहा-बारा लहान आकृत्या काढून त्यांतून एक निवडावी, मग ती मोठी करावी, असा आमचा क्रम आहे. प्रदर्शनात त्या टाकलेल्या आकृत्याही मुद्दाम लावल्या आहेत. मुलांनी त्या अवश्य पाहाव्यात, म्हणजे एका चित्रामागे किती चित्रे असतात हे त्यांच्या ध्यानात येईल.

ही परंपरा आमची एकट्याची नव्हे. मुंबईची सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली निघाली. तेथे शिकलेल्या आणि पुढे तेथेच शिकविलेल्या धुरंधरांनी आपल्या ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या १९४० सालच्या आत्मवृत्तात त्या काळाची हकीकत नमूद केली आहे. १९४५ साली ‘दीपावली’ सुरू करणाऱ्या दीनानाथ दलालांनी आणि त्यांच्या समकालीन रघुवीर मुळगावकरांनी चित्र हे मराठी माणसाच्या घरात, खुंटीवरच्या दिनदर्शिकेपर्यंत नेऊन पोहोचविले. त्या काळी छपाई जस्ताच्या ठशांवर होत असे. रेषेच्या ठशात काळे आणि पांढरे एवढेच उमटते, मधला करडा रंग उमटत नाही. म्हणून चित्रकार बारीक समांतर रेषांनी किंवा ठिपक्यांनी छाया भरीत. आज ती अडचण उरलेली नाही, परंतु त्या अडचणीने घडविलेली रेषा आम्हांस अद्याप गुरुस्थानी आहे.

आता थोडे अप्रिय बोलावयाचे आहे. गेल्या वर्षी एका प्रकाशनसंस्थेने आमच्याकडून प्राथमिक रेखाटने मागवून घेतली आणि नंतर कळविले की, चित्रे संगणकाकडूनच तयार करून घेण्यात येतील, ती स्वस्त पडतात. संगणकास चार वाक्ये सांगितली की क्षणार्धात चित्र हाती येते, हे खरे आहे, आणि ते दिसावयास सुबकही असते. यंत्राचा द्वेष करून काही साधणार नाही. परंतु त्यास तांब्या काढावयास सांगितले तर ते हजारो तांब्यांच्या चित्रांवरून एक तांब्या काढील. आपल्या पणजीच्या रुखवतात आलेला, एका बाजूस पोचा पडलेला, बुडाशी नाव कोरलेला तांब्या त्यास कोठून ठाऊक असणार? तो पाहण्यासाठी कोणी तरी त्याच्यासमोर तासभर बसले पाहिजे.

येथेच आपल्या समाजाचा प्रश्न येतो. आपल्या घरांतून पुष्कळ मुलेमुली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांस बसतात. त्यांत चांगली श्रेणी मिळते, शालान्त परीक्षेत जादा गुण पदरात पडतात, आणि दुसऱ्याच दिवशी रंगपेटी माळ्यावर जाते. “चित्रे काढून पोट भरते का?” हा पालकांचा प्रश्न असतो. आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. आमच्या घरी महिनाअखेरीची ओढाताण पुष्कळदा झालेली आहे, आणि कोणत्याही मुलास डोळे झाकून या धंद्यात लोटावे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पोट भरण्याचा धंदा आणि रंगपेटी यांचे हाडवैर नाही. वसंत सरवटे हे व्यवसायाने अभियंता होते आणि नोकरी सांभाळून त्यांनी मराठी पुस्तकांस व दिवाळी अंकांस आपल्या रेषेने निराळे रूप दिले. मुलगा अभियंता झाला, मुलगी डॉक्टर झाली, तरी हातात पेन्सिल राहू द्यावी, एवढीच आमची मागणी आहे. ज्यास पाहावयाची सवय लागली त्याचे कोणत्याही धंद्यात नुकसान होत नाही.

कार्यकारी मंडळापुढे आम्ही दोन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली अशी की, विद्यार्थी सहायक निधीतून कलाशिक्षण घेणाऱ्या एका तरी विद्यार्थ्यास दरवर्षी साहाय्य मिळावे. कागद, रंग आणि कुंचले आता स्वस्त राहिलेले नाहीत. दुसरी सूचना खर्चाची नाही. आपल्या गावोगावची जुनी घरे एकेक करून पाडली जात आहेत, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहात आहेत. त्यांस विरोध करण्याचा आम्हांस अधिकार नाही, कारण गळक्या छपराखाली राहणाऱ्यास पक्के घर हवेच. परंतु घर पाडण्यापूर्वी त्या घरातील मुलांनी त्याचा दरवाजा, ओटी, देवघर आणि स्वयंपाकघर कागदावर काढून ठेवावे. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल. महिन्यातील एका रविवारी मंडळाच्या जागेत आम्ही मुलांसोबत बसण्यास तयार आहोत, त्यासाठी शुल्क घेणार नाही. जमलेली रेखाटने पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावीत.

छायाचित्र काढले तर भागणार नाही काय, अशी शंका आपल्या मनात येईल. छायाचित्र अवश्य काढावे. परंतु ते क्षणात निघते आणि हजारो छायाचित्रांत हरवते. देवघराचा कोनाडा काढावयास तासभर बसलेल्या मुलास त्याची उंची, त्यावरील काजळी आणि त्याच्या कडेचा उडालेला चुना जन्मभर आठवतो. घर जाते, कोनाडा त्याच्याजवळ राहतो.

 वस्तूंची रेखाटने ज्या त्या कुटुंबास विनामूल्य देण्यात येतील, ती जाताना अवश्य घेऊन जावीत.