मृत्यूचे भाकीत आणि त्यातील ‘जर’

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेले भाषण)



वर्षावासात धम्मावर बोलावे असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. आज आम्ही कोरोनाच्या साथीतील एका वादाविषयी बोलणार आहोत. २०२० साली साथ सुरू झाली तेव्हा पहिल्या काही आठवड्यांतच किती माणसे मरतील याची भाकिते प्रसिद्ध झाली आणि त्या आकड्यांवरून इंग्लंड-अमेरिकेत मोठे राजकारण झाले. या वादाचा धम्माशी काय संबंध, असे कोणास वाटेल. पण पटिच्चसमुप्पाद म्हणजे कार्यकारणाचा नियम आपण विहारात अनेकदा ऐकला आहे. कारण असेल तर कार्य घडते आणि कारण दूर केले तर ते थांबते, ही तथागतांची शिकवण. साथीचे भाकीतही याच पायावर उभे असते. त्यात एक ‘जर’ असतो आणि एक ‘तर’ असतो. ‘जर’ पुसून टाकला की भाकिताची भविष्यवाणी होते, आणि भविष्यवाणीवर तथागतांचा विश्वास नव्हता.

साथीच्या या गणिताचे एक मूळ आपल्या मुंबईत आहे, हे विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि ती पुढे वर्षानुवर्षे येत राहिली. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोन शास्त्रज्ञांनी साथ कशी वाढते व कशी ओसरते याचे गणित मांडले. केरमॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतील अपघातात गेलेली होती. मॅकेंड्रिक यांनी हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत काम केले होते. आपले गणित प्रत्यक्षाशी जुळते की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी १९०५-०६ या हंगामात मुंबई बेटावर प्लेगने मेलेल्या माणसांचे आठवडावार आकडे घेतले. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या या गणिताची पहिली परीक्षा मुंबईच्या गरीब माणसांच्या मरणावर झाली.

आता २०२० सालाकडे वळू. १६ मार्च २०२० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील प्रा. नील फर्ग्युसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. सरकारने काहीही उपाय केले नाहीत आणि लोकांनीही आपले वागणे मुळीच बदलले नाही, तर ब्रिटनमध्ये सुमारे ५ लाख १० हजार आणि अमेरिकेत सुमारे २२ लाख माणसे मरतील, असे त्यात म्हटले होते. असे होणे संभवनीय नाही, हेही त्याच अहवालात लिहिले होते. काही उपाय केले तर मृत्यू निम्म्यावर येतील आणि कडक उपाय केले तर आणखी पुष्कळ कमी होतील, असे वेगवेगळे हिशेबही त्यात मांडले होते. म्हणजे एका अहवालात अनेक ‘जर’ होते आणि प्रत्येकाचा ‘तर’ वेगळा होता. वर्तमानपत्रांच्या मथळ्यात मात्र फक्त ५ लाख आणि २२ लाख हे आकडे आले.

२३ मार्च रोजी ब्रिटनमध्ये टाळेबंदी जाहीर झाली. २५ मार्च रोजी फर्ग्युसन यांनी संसदीय समितीपुढे सांगितले की, आता हे उपाय सुरू झाल्यामुळे मृत्यू २० हजारांच्या आत राहू शकतील. लगेच आरडाओरडा झाला की, आठ-दहा दिवसांत प्राध्यापकांनी ५ लाखांचे २० हजार केले! वास्तविक पहिला आकडा उपाय न करण्याचा होता आणि दुसरा उपाय करण्याचा होता.

आम्ही बँकेत नोकरी करतो म्हणून व्यवहारातील उदाहरण देतो. कर्जदाराला सांगितले जाते की, हप्ते भरले नाहीत तर पाच वर्षांनी व्याजासह इतकी रक्कम थकेल. तो बिचारा पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरतो आणि पाच वर्षांनी खाते निरंक होते. मग कोणी येऊन म्हणाले की, बँकेने सांगितलेली थकबाकी कुठे आहे, बँक खोटे बोलली, तर त्याला आपण काय म्हणू?

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. टीकाकारांचा संशय अगदीच निराधार नव्हता. २००९ साली स्वाइन फ्लूच्या वेळी ब्रिटनमध्ये वाईटात वाईट परिस्थितीत ६५ हजार मृत्यू होतील असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात पाचशेच्या आतच मृत्यू झाले. आणि २० हजारांच्या आतील जो अंदाज होता, तोही टिकला नाही. एप्रिल २०२० संपण्याआधीच ब्रिटनने तो आकडा ओलांडला. त्याच फर्ग्युसन यांनी जूनमध्ये समितीपुढे सांगितले की, टाळेबंदी एक आठवडा आधी झाली असती तर मृत्यू निदान निम्म्याने कमी झाले असते. शास्त्रज्ञाचे प्रत्येक भाकीत खरे असते असे मानणे हीदेखील एक अंधश्रद्धाच होय.

अमेरिकेत तर निवडणुकीचे वर्ष होते. ३१ मार्च २०२० रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यासमोर डॉ. बर्क्स आणि डॉ. फाउची यांनी तक्ता दाखवला. उपाय पाळले तरी १ लाख ते २ लाख ४० हजार मृत्यू होऊ शकतील, आणि काहीच केले नाही तर १५ ते २२ लाख. त्यानंतर ८ एप्रिल रोजी सिएटलमधील एका संशोधन संस्थेने ऑगस्टच्या आरंभापर्यंत सुमारे ६० हजार मृत्यू होतील, असा सुधारित अंदाज दिला. लोकांमधील अंतराचे निर्बंध मे महिन्याच्या अखेरीपर्यंत टिकतील, हा त्यामागचा ‘जर’ होता. राष्ट्राध्यक्षांनी ५०-६० हजारांचा आकडा उचलला आणि त्यामागची अट खाली ठेवली. एप्रिलच्या अखेरीस काही राज्यांनी व्यवहार खुले करण्यास सुरुवात केली. ४ मे रोजी त्याच संस्थेने आपला अंदाज दुपटीहून वाढवून सुमारे १ लाख ३४ हजार केला. ऑगस्टच्या आरंभी प्रत्यक्ष मृत्यू दीड लाखाच्या वर गेले होते. या ठिकाणी दोष केवळ राजकारण्यांचा नव्हता. त्या संस्थेची पद्धतच कच्ची आहे, असे अनेक तज्ज्ञ तेव्हाच सांगत होते.

२२ लाखांच्या आकड्याचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. एका गटाने तो आकडा दाखवून शास्त्रज्ञांची टवाळी केली. राष्ट्राध्यक्षांनी तोच आकडा दाखवून, आम्ही २० लाख लोक वाचवले, असे श्रेय घेतले. एकच आकडा खोटाही ठरला आणि पुण्याईचा पुरावाही ठरला! विरोधी पक्षही यात मागे नव्हता. २२ ऑक्टोबर २०२० च्या वादसभेत बायडेन यांनी वर्षअखेरपर्यंत आणखी २ लाख मृत्यू अपेक्षित आहेत असे सांगितले. प्रत्यक्षात तेवढ्या काळात सुमारे सव्वा लाख मृत्यू झाले. सव्वा लाख म्हणजे काही थोडे नव्हेत. पण सत्य भयंकर असताना त्यात भर घालण्याची गरज नसते. पुढे मे २०२२ मध्ये अमेरिकेतील मृतांची संख्या १० लाखांच्या पलीकडे गेली. तोपर्यंत ६० हजारांचा अंदाज कवटाळणारे आणि तो खोडणारे दोघेही दुसऱ्या वादात गुंतले होते.

आपल्या देशातही असे घडले. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारच्या पत्रकार परिषदेत दाखवलेल्या एका आलेखात नव्या रुग्णांची रेषा १६ मे रोजी शून्यावर टेकत होती. १६ मे उजाडला तेव्हा देशात दिवसाला हजारोंनी नवे रुग्ण सापडत होते. पुढे, रुग्ण शून्यावर येतील असे कोणी म्हटलेच नव्हते, गैरसमज झाला, असा खुलासा करण्यात आला.

बंधू-भगिनींनो, या वादात कोण जिंकले आणि कोण हरले यापेक्षा एक मोठा प्रश्न आहे आणि तो सांगण्यासाठीच आम्ही हा विषय घेतला. ही सर्व भांडणे एकूण आकड्यावर झाली. इंपीरियल कॉलेजच्या हिशेबात माणसांचे वय होते. माणसाचा वर्ण त्यात नव्हता. एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतील लुइझियाना राज्याने आपल्या मृतांची माहिती प्रसिद्ध केली. त्या राज्यात कृष्णवर्णीय लोकसंख्या एकतृतीयांशाच्या आसपास आहे. मृतांमध्ये त्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्के होते. बस चालवणारे, इस्पितळात फरशी पुसणारे, दुकानात माल लावणारे लोक घरी बसून काम करू शकत नव्हते. राजधानीत ६० हजार की २ लाख असा वाद चालू असताना ही माणसे कामावर जात होती.

आणि ८ मे २०२० हा दिवस महाराष्ट्राने विसरू नये. जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे निघालेले मजूर रेल्वेमार्गाने चालत होते. चालून दमल्यावर ते रुळांवरच झोपले. औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, करमाडजवळ मालगाडीखाली १६ जण गेले. ते कोरोनाने गेले नव्हते. टाळेबंदी केली तर किती जीव वाचतील हे सांगणाऱ्या हिशेबात, टाळेबंदीने किती जातील याचा रकाना नव्हता. जे लोक टाळेबंदीविरुद्ध बोलत होते त्यांचे सगळेच म्हणणे चुकीचे नव्हते, ते यामुळेच.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे अर्थशास्त्रज्ञ होते. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी नुसते गाऱ्हाणे मांडले नाही, अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न आकड्यांनिशी मांडला. एकूण आकड्याच्या पोटात आपला माणूस कुठे आहे हे शोधावे लागते, ही शिकवण त्यांनी आपल्याला कृतीने दिली. आकड्यांचा तिटकारा करणे आपल्या समाजाला परवडणारे नाही आणि आकड्यांपुढे हात जोडणेही परवडणारे नाही.

कालाम लोकांना तथागतांनी सांगितले की, सांगणारा मोठा आहे, परंपरा तशी आहे, किंवा तर्काला जुळते आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका. स्वतः तपासा, कशाने अहित होते व कशाने हित होते ते पाहा. विद्यार्थी मित्रांनो, साथ पुन्हा येईल आणि भाकितेही पुन्हा येतील. तेव्हा प्रत्येक आकड्याला चार प्रश्न विचारा. हा आकडा कोणत्या अटीवर आहे? कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती? कोणत्या मुदतीत? आणि मरणारे कोण असतील? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे शास्त्रज्ञाने दिली पाहिजेत. चौथ्याचे उत्तर सरकारने दिले पाहिजे, आणि ते देईपर्यंत विचारत राहणे हे आपले काम आहे.

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत दररोज संध्याकाळी मुले बसतात. त्यांच्यातून उद्या कोणी डॉक्टर होईल, कोणी संख्याशास्त्र शिकेल. त्यांच्यापैकी एखाद्याने असा हिशेब मांडावा की, ज्यात वयाच्या शेजारी वस्तीचा, कामाचा आणि घरातील माणसांच्या संख्येचा रकाना असेल. मुंबईच्या प्लेगमध्ये मेलेल्या माणसांचे आकडे दुसऱ्यांनी वापरले. पुढच्या वेळी आपल्या वस्तीचे आकडे आपल्या मुलांनी मांडावेत, एवढीच अपेक्षा व्यक्त करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!