मोठा फोल्डिंग चाकू रोज खिशात ठेवावा का? चार महिन्यांचा अनुभव

मी बोलतोय कोंढ्यावरून. तालुका पवनी, जिल्हा भंडारा. मागे कुत्रा भुंकताना ऐकू आला तर सांभाळून घ्या, स्टुडिओ म्हणजे आमच्या घरची मागची खोली आहे.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "भाऊ, तू तो मोठा चाकू घेतला होता ना, त्याचं काय झालं? घ्यावा का आम्ही?" तर आज तेच. कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाही. मुद्दा हा की एवढा मोठा चाकू रोज खिशात घेऊन फिरावा का.

जुलैमध्ये, रोवणीच्या तोंडावर, मी तो ऑनलाइन मागवला. व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू. पातं साडेनऊ सेंटीमीटर. मिटवला की साडेबारा. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तर 190 ग्रॅम. माझा फोन जवळपास तेवढाच भरतो. म्हणजे खिशात दोन फोन घेऊन फिरायचं.

आधी चांगलं सांगतो. खताच्या पोत्याची शिवण, सुतळी, ठिबकची नळी, पार्सलची पट्टी, सगळं एका ओढीत. मूठ मोठी असल्यामुळे ओल्या हातातही पकड सुटत नाही. तणसाच्या भाऱ्याची दोरी कापायला तर मजा आली. एका हाताने उघडतो, त्यामुळे दुसऱ्या हातात पोतं धरलं असलं तरी काम होतं.

आता दुसरी बाजू. पातं पाठीकडे साडेतीन मिलिमीटर जाड आहे. व्हिडिओत याला मजबुती म्हणतात. घरी आईने कांदा कापायला घेतला आणि म्हणाली, "हा कापत नाही, फाडते." बरोबर आहे तिचं. जाड पातं पाचरीसारखं घुसतं, पातळ पातं सरकत जातं. फ्रान्समध्ये ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा साधा चाकू आहे, 1890 पासून बनतो. त्याच्या आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर, आणि वजन 50 ग्रॅमच्या आसपास. पातं माझ्यापेक्षा जेमतेम एक सेंटीमीटर कमी, वजन मात्र चौथ्या हिश्श्याच्या जवळपास. शेतकऱ्यांच्या खिशातला चाकू म्हणूनच तो चालत आला.

दुसरं, गंज. माझ्या चाकूचं पोलाद डी-टू. धार भारी टिकते. पण त्यात क्रोमियम साधारण 12 टक्के, आणि त्यातलं बरंच कार्बनसोबत अडकलेलं असतं, म्हणून ते पूर्ण स्टेनलेस धरत नाहीत. पावसाळ्यात बांधीतून आलो, चाकू तसाच ओल्या पँटमध्ये राहिला. दोन दिवसांनी पात्यावर तांबूस ठिपके. वापरल्यावर पुसायचं आणि तेलाचं बोट फिरवायचं, एवढी सवय असेल तरच हे पोलाद घ्या.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, लॉक. माझ्या चाकूला लायनर लॉक आहे. मुठीत पत्र्याची एक पट्टी असते, पातं उघडलं की ती सरकून पात्याच्या मागे उभी राहते. ती पूर्ण सरकली नाही तर पातं तुमच्याच बोटांवर मिटू शकतं. एक दिवस चिखल आत वाळला होता आणि पट्टी अर्ध्यातच थांबली. माझं लक्ष गेलं म्हणून बोट वाचलं. तेव्हापासून नियम केला: उघडल्यावर आधी पट्टी बघायची, मग काम. लॉक तपासायचं असेल तर बोटं मिटण्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पात्याची पाठ लाकडावर हळू दाबा. आपटू नका.

आणि खिशाचं काय? जीन्समध्ये ठीक. लोअर घातली की एका बाजूने खाली ओढते. गाडीवर बसलो की मांडीला टोचते. क्लिपने दोन पँटचे खिसे फाडले, आईचं बोलणं वेगळं.

कायद्याचंही विचारलं होतं तुम्ही. 2016 च्या शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. माझं पातं चार इंचही नाही. पण एवढ्यावर खूश होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 चं कलम 37 आहे. सणासुदीला, निवडणुकीला त्याखाली मनाई आदेश निघतो, आणि त्या कलमात बंदुका-तलवारींसोबत चाकू आणि काठ्यासुद्धा लिहिल्या आहेत. तिथे इंच मोजत बसत नाहीत. विमानात हातातल्या बॅगेत तर कोणताच चाकू नेऊ नका.

आता खरी गोष्ट, जी मी आतापर्यंत कोणाला सांगितली नव्हती.

दिवाळीनंतर आपल्याकडे मंडई असते, तुम्हाला माहीतच आहे. बाजूच्या गावची मंडई, रात्री दंडार. गाड्या लावतो तिथे धक्काबुक्की झाली. एका पोराने माझ्या मित्राची कॉलर धरली. मी मध्ये गेलो, आणि माझा हात कुठे होता माहीत आहे? खिशात. अंगठा क्लिपवर.

मी ठरवून नाही नेला. गेला तो. दहा सेकंदात मोठ्या माणसांनी दोघांना वेगळं केलं, पाच मिनिटांत तीच पोरं सोबत भजे खात होती. चाकू बाहेर निघाला नाही, कोणाला कळलंही नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. दहा सेकंदांऐवजी वीस लागले असते तर? कॉलर धरणारा अठरा-एकोणीस वर्षांचा असेल. मीही काही फार मोठा नाही.

चाकू घेतला तेव्हा आबाजींनी एकच विचारलं होतं, "कापासाठी घेतला का दाखवासाठी?" मी हसलो होतो. आबाजींचा विळा आयुष्यभर शेतात गेला, पण बाजारात जाताना त्यांनी तो कधी सोबत घेतला नाही. तो दाराच्या मागेच अडकवलेला असायचा.

मित्र म्हणतात, "बे, आपल्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला जंगल, वाघ आला तर?" अरे, वाघ आला तर साडेनऊ सेंटीमीटरने काय करशील? हातात काठी, सोबत दोन माणसं आणि मोठा आवाज, हेच कामाचं.

तर माझा निकाल. चाकू वाईट नाही. शेतात, कोठ्यात, गाडीच्या डिक्कीतल्या पान्यांसोबत, एकदम चांगला. रोज खिशात ठेवायला, नाही. दिवसभरातली माझी कामं मोजली तर सुतळी, पार्सल, पोतं, आंबा, याच्या पलीकडे काही नव्हतं. त्याला सहा सेंटीमीटरचं पातळ पातं पुरतं. आता चावीच्या जुडग्याला तसाच एक छोटा आहे. आणि गर्दीत, मंडईत, लग्नात जाताना तोही घरी.

मोठा आता कोठ्यात विळ्याच्या बाजूच्या खिळ्याला टांगला आहे. परवा धान बांधताना काढला, काम झालं, पुसला, परत टांगला.

तुमच्या खिशात काय असतं आणि का असतं, मला व्हॉइस नोट पाठवून सांगा. पुढच्या भागात धारेचा दगड कसा वापरायचा ते बघू. चला, भेटू. काळजी घ्या!