पाखरांच्या गुंठ्यात काय पेरावे?



पेरणी जवळ आली की घरोघर बियाण्याची गाठोडी सुटतात. त्यातून एका गुंठ्यापुरते बी आज मी तुमच्याकडे मागणार आहे. हा गुंठा कापायचा नाही, मळायचा नाही, तो पाखरांचा. शिक्षक मित्रांना शाळेच्या आवारातला एखादा कोपरा चालेल.

कोणी म्हणेल, त्यात काय, उरलेसुरले बी फेकून द्यावे! मीही पहिल्या वर्षी तेच केले. सूर्यफूल दिसायला छान, म्हणून सगळा तुकडा सूर्यफुलाचा केला. झाले काय, की पोपटांचे थवे आले, चार दिवसांत सूर्यफूल संपले आणि थवे शेजारच्या मक्यात उतरले. शेजारी बांधावर येऊन म्हणाले, “गुरुजी, तुमच्या पाहुण्यांना जेवण माझ्या घरी का?” त्यांचे म्हणणे रास्त होते. त्या वर्षी मुलांसह मी त्यांच्या मक्यात डबे वाजवीत हिंडलो.

तेव्हापासून मी बी निवडताना पाखराआधी महिना पाहतो. पाखराला दाणा केव्हा हवा? सुगीत नको, तेव्हा सारे शिवारच त्याचे असते. अडचण दोन वेळा येते. एक पावसाळ्यात, पिले घरट्यात असताना. दुसरी फाल्गुन-चैत्रात, खळी उरकल्यावर.

पावसाळ्याची गोष्ट जरा नवलाची आहे. चिमणी आणि सुगरण ही दाणे खाणारी पाखरे. पण त्यांच्या कोवळ्या पिलांना दाणा पचत नाही, त्यांना अळ्या आणि किडे लागतात. डॉ. सालिम अलींनी अलिबागजवळ किहीमला जिचा संसार पाहून 1931 साली लेख लिहिला, ती सुगरण ऐन पावसाळ्यातच घरटी बांधते. म्हणजे नुसते धान्य पेरून पिलांचे पोट भरत नाही. म्हणून मिश्रणात मटकी किंवा चवळी हवीच. तिच्यावर मावा येतो, अळी येते. येऊ द्या! या गुंठ्यात फवारणी करायची नाही.

आता प्रमाण. एका गुंठ्याला ज्वारी 30 ग्रॅम, बाजरी 10, राळा 20, मटकी 40 आणि कारळे 10 ग्रॅम पुरे. एवढेसेच का, असे वाटेल. पण दाट पेरले तर ज्वारी बाकीच्यांना दडपते. राळा मुनियांसाठी. 2023 साल भरडधान्यांचे वर्ष म्हणून जगभर साजरे झाले, माणसांना राळ्याच्या पाककृती शिकवाव्या लागल्या; मुनियांना त्या लागत नाहीत. कारळ्याचेही तसेच. अमेरिकेत लोक अंगणात पाखरांसाठी जे बी टांगतात, त्यात भारतातून आणि इथिओपियातून गेलेले कारळे असते. आपण मात्र त्याला हलके पीक म्हणतो.

हे सगळे एकत्र करून चाड्यावर मूठ धरू नका. बारीक बी हिंदकळून तळाशी जाते, मग एका तासात नुसता राळा आणि दुसऱ्यात नुसती मटकी. शिवाय ज्वारीइतके खोल गेलेले बारीक बी वर येत नाही. ज्वारी, बाजरी आणि मटकी आधी पेरावी. राळा-कारळे कोरड्या वाळूत मिसळून वरून फोकावे आणि काटेरी फांदी हलकेच फिरवावी.

पेरणी शेजाऱ्यांच्या बरोबरच करावी. एकटा तुकडा आधी किंवा मागाहून निसवला, तर सगळी धाड त्यावर येते आणि मग आजूबाजूला पसरते. भोरड्यांचे थवे तर हिवाळ्यात आपल्याकडे असतातच.

चैत्रासाठी वेगळी तजवीज लागते, कारण खरिपाचा दाणा तोवर उरत नाही. गुंठ्याचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवून त्यात रब्बीला करडई टाकावी. तिचे बोंड चटकन फुटत नाही, बी सांडत नाही, आणि काट्यामुळे गुरे आत शिरत नाहीत. मार्चनंतर आठवड्याला चार-पाच झाडे काठीने झोडावी. खाली पडलेले बी होले टिपतात. ज्वारी कोवळी असताना मात्र गुरांना या गुंठ्यापासून लांबच ठेवा. ती त्यांना बाधते.

एक गोष्ट विसरू नका. दुकानातले बी पुष्कळदा गुलाबी किंवा निळे दिसते. ते विषारी औषध चोळलेले असते. पेरून उरलेले तसे बी पाखरांपुढे टाकू नये, पेरताना वर उघडे राहू देऊ नये आणि मुलांच्या हाती तर देऊच नये. पाखरांच्या गुंठ्याला घरच्या कणगीतलेच बी घ्या, नाहीतर शेजाऱ्याकडून मागून आणा.

शिक्षकांनी मुलांना एक वही द्यावी. कोणत्या कणसावर कोणते पाखरू बसले, चोचीत दाणा होता की अळी, एवढेच तारीख घालून लिहायचे. पुढच्या मृगाला कोणते बी वाढवायचे आणि कोणते वगळायचे, ते त्या वहीत पाहून ठरवा. माझ्या मुलांच्या वहीतून सूर्यफूल कायमचे गेले. राळा मात्र 20 ग्रॅमचा 30 झाला आहे.