लेखाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण : पदवी आणि अधिकार

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



हिशेब हा आपल्या समाजाला नवा विषय नाही. दिवाळीला वहीपूजन करणारी आपली घरे. परंतु पनवेलच्या पेठेतील भाताचा व्यापार ज्या रोजकीर्द-खतावणीवर चालला, ती आज पुरेशी नाही. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या उंबरठ्यावरील विमानतळाचे उद्घाटन झाले. जमाखर्च ठेवणे ही आता स्वतंत्र विद्या झाली आहे. म्हणूनच बी.कॉम.नंतर पुढे काय, हा प्रश्न आज घराघरांत विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना पहिला विवेक ठेवावा तो पदवी आणि अधिकार यांतला. एम.कॉम. ही विद्यापीठाची पदवी आहे. ती साधारणतः दोन वर्षांची असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना ती एका वर्षात पूर्ण करता येते. अध्यापन, संशोधन आणि नोकरी यांसाठी तिचे मोल निश्चित आहे. मात्र लेखापरीक्षण अहवालावर सही करण्याचा अधिकार तिच्यामुळे मिळत नाही. तो १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सनदी लेखापालांच्या संस्थेचे सदस्यत्व आणि व्यवसायाचे प्रमाणपत्र असणाऱ्यालाच आहे. आपल्यासारख्या सार्वजनिक न्यासांचे हिशेबही १९५० च्या विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार दरवर्षी तपासून घ्यावे लागतात. पन्नास वर्षांच्या या वाटचालीत त्या सहीचे महत्त्व आपण सर्वजण जाणतो.

दुसरी गोष्ट काळाची. वाणिज्य शाखेतील पदवीला किमान ५५ टक्के गुण असतील, तर विद्यार्थ्याला फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला नोंदणी करता येते. इतर शाखांसाठी ही अट ६० टक्क्यांची आहे. नोंदणीनंतर आठ महिने अभ्यास, दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप आणि त्यानंतर फायनलसाठी सहा महिने. म्हणजे नुसती बेरीज अडतीस महिन्यांची होते. परीक्षा आणि निकाल यांची प्रतीक्षा धरली, तर सर्व काही पहिल्याच प्रयत्नात साधूनही सुमारे साडेतीन वर्षे लागतात. प्रत्येक विषयात ४० आणि एकूण ५० टक्के हवेत. एका गुणाने गट राहतो. परीक्षा आता वर्षातून तीनदा होतात, हा मोठाच दिलासा आहे. तरीही किती प्रयत्न करायचे आणि तोवर घरखर्च कसा चालवायचा, हे माता-पिता व मुलांनी आरंभीच एकत्र बसून ठरवावे. निकालाच्या रात्री असे निर्णय घेऊ नयेत.

दोन्ही करावे का, असे अनेकजण विचारतात. मार्च २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सी.ए., सी.एस. आणि कॉस्ट अकाउंटंट या पात्रता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानल्या. त्यामुळे सी.ए. पूर्ण करणाऱ्यास केवळ पात्रतेसाठी एम.कॉम.ची गरज उरलेली नाही. मात्र फायनल लांबली तर हाती काही असावे, या विचाराने एम.कॉम. करणे शहाणपणाचे आहे. पनवेल व नवीन पनवेल येथे वाणिज्य महाविद्यालये असल्याने ते घरी राहून साधते. आर्टिकलशिपच्या काळात दुसरा अभ्यासक्रम घेण्यापूर्वी संस्थेचे त्या वेळचे नियम अवश्य पाहावेत.

तिसरा मार्ग परदेशाचा. ऑस्ट्रेलियातील ‘मास्टर ऑफ प्रोफेशनल अकाउंटिंग’ ही दीड ते दोन वर्षांची पदवी मुख्यतः इतर शाखांच्या पदवीधरांना लेखाशास्त्रात आणण्यासाठी आहे. आपल्या बी.कॉम. मुलाने तेच विषय पुन्हा मोठे शुल्क भरून शिकावेत का, याचा विचार व्हावा. त्या पदवीला तेथील व्यावसायिक संस्थेची मान्यता आहे का, हेही तपासावे. पदवीनंतरही त्या संस्थेच्या परीक्षा आणि अनुभव आवश्यक असतात; आणि भारतात सही करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. उलट आपल्या संस्थेचे काही परदेशी लेखा-संस्थांशी करार आहेत; येथे सी.ए. होऊन तिकडे जाण्याची वाट त्यामुळे खुली आहे. राहते घर तारण ठेवण्यापूर्वी एवढी विचारणा पालकांनी करावी.

येथे मुलींविषयी आवर्जून सांगतो. पनवेलहून मुंबईचा लोकलप्रवास सव्वा तासाहून अधिक. म्हणून अनेक घरांत आर्टिकलशिपच नको म्हणतात. पनवेल, बेलापूर, वाशी येथील कार्यालयांतही उत्तम काम शिकता येते. लहान कार्यालयात तर जमाखर्चापासून करविवरणापर्यंत सर्व काही हाताखालून जाते. विवाह ठरला म्हणून एखाद्या कन्येची फायनल सुटू नये. सासर-माहेर दोघांनीही ही जबाबदारी मानावी.

शेवटी एक मूलभूत गोष्ट. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, याची गणना केली आहे. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कंपनीचे खोटे ताळेबंद उघड झाले, तेव्हा एका कंपनीबरोबर लेखापरीक्षकांवरील विश्वासही डळमळला. विद्यार्थी मित्रहो, उद्या एखादा आप्तच ‘एवढी सही करून दे’ म्हणेल. तेव्हा नम्रपणे नकार देण्याची तयारी नसेल, तर या मार्गाला जाऊ नये.

विश्वस्त मंडळास दोन नम्र सूचना करतो. आपली शिष्यवृत्ती केवळ उत्तीर्णांच्या सत्कारापुरती न राहता दुसऱ्या प्रयत्नाला बसणाऱ्यासही मिळावी. खरी गरज त्यालाच असते. तसेच परीक्षेपूर्वीचे दोन महिने संस्थेची एक खोली अभ्यासिकेसाठी खुली ठेवावी. सुवर्णमहोत्सवाची ही आठवण पुढील पन्नास वर्षे उपयोगी पडेल.