शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा शब्द

(मराठी भाषा गौरव दिनानिमित्त शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्या तालुका मेळाव्यात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण.)



आज २७ फेब्रुवारी. १९१२ साली याच दिवशी जन्मलेल्या विष्णु वामन शिरवाडकर यांचे स्मरण करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत. कविता लिहिताना त्यांनी ‘कुसुमाग्रज’ हे नाव घेतले. कुसुम या धाकट्या बहिणीचा थोरला भाऊ, एवढाच त्या नावाचा साधा अर्थ. कविता आणि नाटक यांचा लळा मला शाळकरी वयात लागला, तो आज चाळिशी उलटल्यावरही सुटलेला नाही. या लळ्याचा शासकीय कामाशी काय संबंध, असे मला अनेकदा विचारले जाते. त्याचे उत्तर आज द्यावे, असे वाटते.

एकाच झाडाच्या दोन फांद्या

शिरवाडकरांचा ‘जीवनलहरी’ हा पहिला काव्यसंग्रह १९३३ सालचा. ‘विशाखा’ १९४२ साली प्रसिद्ध झाला. वि. स. खांडेकर यांना त्या कविता इतक्या मोलाच्या वाटल्या की, त्यांनी स्वखर्चाने तो संग्रह प्रकाशित केला. १९४६ साली ‘दूरचे दिवे’ हे नाटक आले आणि पुढे दीर्घकाळ काव्य व नाट्य या दोन्ही क्षेत्रांत त्यांची लेखणी चालत राहिली. १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले. दि गोवा हिंदू असोसिएशनने ते सादर केले आणि गणपतराव बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांनी केली. या नाटकाला १९७४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. पुढे १९८७ सालच्या ज्ञानपीठ पुरस्काराने त्यांच्या समग्र साहित्यसेवेचा गौरव झाला.

या दोन फांद्या एकाच झाडाच्या आहेत, हे पाहायचे असेल तर ‘कणा’ ही छोटीशी कविता पाहावी. पुराने घर धुऊन नेलेला एक जुना विद्यार्थी आपल्या शिक्षकांच्या दारी येतो. त्याला पैसे नको असतात, पाठीवर हात हवा असतो. दोन माणसे, एक घर आणि मोजके बोलणे एवढ्यावर ही कविता उभी आहे. तिच्यात कोशात शोधावा लागेल असा शब्द जवळजवळ नाही. वर्गात ती कोणी नीट म्हटली की, शेवटच्या बाकावरचा मुलगाही मान वर करतो. येथे बसलेल्या अनेक शिक्षकांनी हा अनुभव घेतला असेल.

एका चुकीची कबुली

महाविद्यालयात असताना आम्ही काही मित्रांनी ‘नटसम्राट’मधील प्रवेश बसवले होते. दिग्दर्शन करणारे गृहस्थ तालमीला रंगमंचाजवळ कधी बसत नसत. ते सभागृहाच्या अगदी मागे, दारापाशी उभे राहत आणि तेथून ओरडत, “मला ऐकू आलं नाही, म्हणजे तू बोललाच नाहीस!” त्या वेळी आम्हाला त्यांचा राग येई. ते किती खरे बोलत होते, हे मला नोकरीत आल्यावर कळले.

काही वर्षांपूर्वी पीक विम्याचे एक माहितीपत्रक मी तयार केले होते. नुकसान झाल्यास ७२ तासांच्या आत कळवणे त्या वेळी आवश्यक होते. ही बाब मी लिहिली होती, परंतु कोठे? ‘उपरोक्त’, ‘तद्नुषंगाने’, ‘विहित नमुन्यात’ अशा शब्दांनी भरलेल्या पाच ओळींच्या एका वाक्याच्या पोटात! पत्रक ग्रामसभेत वाचले गेले. मी स्वतः तेथे हजर होतो. पावसाळ्यात शेतात पाणी शिरले आणि त्याच सभेत बसलेल्या एक आजी पाचव्या दिवशी कळवायला आल्या. मुदत टळली होती. मी त्यांना म्हणालो, “आजी, सभेत सांगितलं होतं ना?” त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, वाचलंत तुम्ही. सांगितलं कुठं?”

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझे पत्रक नियमानुसार बिनचूक होते, पण ते शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले नव्हते, आणि त्याची किंमत त्या आजींना मोजावी लागली. त्या दिवसापासून कोणताही मजकूर मंजुरीसाठी पाठवण्यापूर्वी मी तो मोठ्याने वाचतो. जेथे श्वास अपुरा पडतो, तेथे वाक्य तोडतो. जेथे ऐकणारा अडखळेल असे वाटते, तेथे शब्द बदलतो. करायचे काय आणि केव्हापर्यंत, हे पहिल्या वाक्यात आणतो. ही शिस्त मला नाटकाच्या तालमीने लावली आणि नेमका शब्द निवडण्याची सवय कवितेने.

आपल्या हाती काय आहे?

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. ही अभिमानाची गोष्ट आहे. तथापि, भाषेच्या गौरवाची खरी कसोटी ग्रामसभेत, शाळेच्या वर्गात आणि कार्यालयाच्या खिडकीपाशी लागते.

म्हणून तीन विनंत्या करतो. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा तरी मुलांना उभे राहून कविता म्हणू द्यावी, तीही केवळ हुशार मुलांना नव्हे. पंचायत सदस्यांनी शाळेचे स्नेहसंमेलन आणि गावातील हौशी नाटक यांना हक्काची जागा मिळवून द्यावी. जे मूल रंगमंचावर निर्भयपणे बोलते, ते उद्या ग्रामसभेतही प्रश्न विचारील. आणि सहकारी अधिकाऱ्यांनी सूचना फलकावर लावण्यापूर्वी ती एकदा शिपाईमामांना किंवा आलेल्या एखाद्या शेतकऱ्याला वाचून दाखवावी. त्यांना समजली, तरच ती पूर्ण झाली असे मानावे.

१० मार्च १९९९ रोजी शिरवाडकर आपल्यातून गेले. त्यांच्या प्रतिमेला हार घालून आपण घरी जाऊ, तेव्हा एवढेच लक्षात ठेवू या, की सभेच्या शेवटच्या रांगेत एक आजी बसलेल्या आहेत आणि त्या ऐकत आहेत.